आजार नसल्याचा दाखला

९ जून, सोमवार

इटलीवाल्यांना माझं काळीज ठणठणीत असल्याचं लेखी पाहिजे. आता बोला!

प्रियदर्शनीचा फोन आला तेव्हा गिरणीत ज्वारी चालू होती. निम्मं ऐकू आलं, निम्म्याला अंदाजानं हो-हो म्हटलं. पट्टा बंद केल्यावर डोक्यात उजेड पडला — सप्टेंबरातल्या त्या सायकल शर्यतीत आम्हा मायलेकींची नावं लागली! पण डॉक्टरचा दाखला पाहिजे. ही बाई शर्यतीत सायकल चालवायला योग्य आहे, हिला काहीही झालेलं नाही, असा. महिनाअखेरच्या आत. नाहीतर नाव कापणार.

म्हटलं, हौशी लोकांची शर्यत ना? मग एवढा थाट कशाला? तर म्हणते, "आई, हौशी लोकच जास्त पडतात गं. पोटासाठी चालवणारे जपून चालवतात." दोन वर्षं तिकडं शिकायला राहिली आणि मलाच शिकवायला लागली कार्टी.

पण खरं लिहू? मला जायचंय. लई जायचंय. दोन वर्षांत पोरीच्या अंगाला हात लावला नाही. फोनच्या काचेवरनं गाल कुरवाळायचे म्हणजे काय! आणि दुसरं असं, की एकदा तरी अशा रस्त्यावर सायकल चालवायचीय जिथं कुणी "अगं ती बघ, गिरणीवाली वैजू!" म्हणून बोंबलणार नाही.

१० जून, मंगळवार

यांना सांगितलं. होटगीहून रात्रपाळी करून आले होते. "जा की," म्हणाले आणि कुशीवर वळले. रेल्वेतल्या माणसाला कुणी कुठं जातंय याचं काही वाटतच नाही. रोज गाडी भरभरून माणसं जाताना बघतात.

सासूबाईंना — आत्यांना — अजून बोलले नाही. आधी दाखला हातात येऊ दे. एका दिवसाचं तर काम आहे.

१२ जून, गुरुवार

एका दिवसाचं काम! माझ्या मेलीच्या तोंडाला कुलूपच पाहिजे.

बसलिंगप्पा डॉक्टरांकडे गेले. आमच्या गल्लीतल्या एकूण एक माणसाची जीभ त्यांनी बघितलेली आहे.

"काय होतंय?"

"काही नाही."

"कधीपासून?"

मी कपाळाला हात लावला. मग पहिल्यापासून सांगितलं — प्रिया, इटली, शर्यत, दाखला. शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून दाखल्यांचं पॅड काढलं. त्यावर सगळं आधीच छापलेलं. अमक्याला तमका आजार झाला होता, उपचारानं बरा झाला, आता कामावर रुजू होण्यास हरकत नाही. मास्तर असो, कंडक्टर असो, सगळ्यांना तेच.

"आजार कुठला लिहू?"

"आजार नाही डॉक्टर. तोच तर मुद्दा आहे."

"आजार नाही तर बऱ्या कशातून झालात?"

म्हटलं, मी बरी झाले नाही, मी बरीच आहे! ते म्हणाले, "टायफॉइड लिहू का? टायफॉइडला कुठल्याच ऑफिसात कुणी काही म्हणत नाही." टायफॉइड नको म्हणून मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचं एक पोर रडायला लागलं. गिरणीनं माझा आवाज असा करून ठेवलाय, त्याला मी काय करू. "बरं बरं," म्हणाले आणि खाली मान घालून लिहिलं. इंग्रजीत. सही, शिक्का, माझं नाव. मी कुठं वाचत बसते, दारात दळणं खोळंबली होती.

घरी येऊन स्वतःच्या अंगठ्यानं फोनवरून इटलीला धाडला. पोरीला न विचारता! आईला काही येत नाही असं वाटतं तिला.

१४ जून, शनिवार

इटलीवरून फुलाचं चित्र आलंय.

प्रियानं वाचून दाखवलं. मधे मधे हसत होती, म्हणून तीनदा परत वाचायला लावलं. "आपण टायफॉइडमधून बऱ्या होत आहात हे वाचून आनंद झाला. हलकीफुलकी कामं सुरू करा. शर्यतीचं पुढच्या वर्षी बघू. लवकर बऱ्या व्हा!"

टायफॉइडच लिहिला मेल्यानं! हाताला सवय!

प्रियानं कसंबसं सांभाळून घेतलंय. चूक झाली, नवा दाखला येतोय म्हणून कळवलं. पण त्यांनी आता अट वाढवली — साधा डॉक्टर चालणार नाही, हृदयाचा पाहिजे. पट्ट्यावर पळवून बघणारा.

१६ जून, सोमवार

परत बसलिंगप्पा. भांडायलाच गेले होते. पण ते इतके शांत बोलतात की भांडणाला चवच येत नाही.

"वैजयंतीताई, तुम्ही आजारी असता तर मी बऱ्या झाल्याचं डोळे मिटून लिहिलं असतं. पण निरोगी माणसाची जबाबदारी कोण घेणार? आजारी माणसाचं काय व्हायचं ते ठाऊक असतं. निरोगी माणसाचा काय भरवसा?"

म्हटलं, मग त्या हृदयवाल्याला चिठ्ठी तरी द्या.

हृदयाच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली. लिहिता लिहिता मोठ्यानं बोलायची सवय — "हृदयाची… संपूर्ण… तपासणी… लवकर." आणि दाराबाहेरच्या बाकावर कोण बसलेली? आमच्या समोरच्या घरातली अक्कम्मा. गुडघे दाखवायला आलेली. मला बघून तिनं गुडघ्यावरचा हात काढला आणि छातीवर ठेवला.

गेलं. आता गल्लीभर झालं म्हणायचं.

१७ जून, मंगळवार

गल्लीभर नाही. आमच्या अख्ख्या जुळे सोलापूर भागात!

सकाळी एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली आणि मला उचलू देईना. "राहू द्या ताई, मीच ओतते." दुसरी म्हणाली, "दळण नंतर दिलं तरी चालेल, दोन दिवस भात खाऊ." दुपारी केळीवाल्यानं विचारलं — गिरणीवाल्या ताईंच्या काळजाला भोक पडलं म्हणे, खरं का? त्यानं मलाच विचारलं! मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. "खरं आहे," म्हटलं, "त्यातनं पीठ गळतंय."

चेष्टा करायला नको होती. संध्याकाळी तेही पसरलं.

१८ जून, बुधवार

लोक भेटायला यायला लागले.

आजारी माणसाला भेटायला जायचं म्हणजे बिस्किटाचा पुडा, केळी, फारच जवळचा असेल तर शहाळी. सगळं आलं. आणि आलेल्याला चहा द्यायचा. म्हणजे पेशंट मी, चहा करणार मी, कप विसळणार मी, आणि दाराशी सोडायला जाऊन "काळजी घ्या हं" ऐकून घेणारही मीच! आज आधण उतरलंच नाही चुलीवरून.

पहाटे सायकलवर चक्कर मारून घरी आले, हेल्मेट डोक्यावर, घाम निथळतोय, तर ओट्यावर तिघं-चौघं बसलेले. मला बघून त्यांची तोंडं उतरली. वळसंगहून यांचे चुलतभाऊ हरिबाभावजी आले होते. ते तर रागावलेच — "वहिनी, पहिल्या यष्टीनं आलोय. जरा पडून तरी राहायचं की!" मग पडले. काय करता. गोधडी अंगावर घेतल्यावर सगळ्यांना बरं वाटलं.

अक्कम्मानं तिच्या भावजयीची गोष्ट सांगितली. अशीच चालती-बोलती होती. अशीच हसत होती. चहा ठेवला आणि गेली. मी म्हटलं, चहाचं काय झालं? अक्कम्मा म्हणाली, "उतू गेला की!"

जाता जाता हरिबाभावजी सायकलवर हात फिरवून म्हणतात, "लई हलकी हाय. वहिनी, तुमचं काय बरंवाईट झालंच, तर ही कुणाला?"

२० जून, शुक्रवार

आत्या तीन दिवस गप्प आहेत. एरवी त्यांची टकळी गिरणीवर मात करते.

आज सकाळी सायकल काढली तर दोन्ही चाकं बसलेली. पंक्चर नाही, हवा सोडलेली. आणि वॉल्व्हच्या टोप्या आत्यांच्या पानाच्या पिशवीत!

मग बसून सगळं सांगितलं. आत्या, मी आजारी नाही. आजारी नाही हे लिहून घ्यायला डॉक्टरकडे जातेय. सप्टेंबरात प्रियाकडे जायचंय, शर्यत आहे, म्हणून.

"बरं हाय तर डागदर कशाला?"

"बरं आहे हे त्यांना कळायला."

"आजपतुर कुनी बरं हाय म्हनून डागदरकडं गेलंय का? मी तर न्हाय बघितलं. शिकलेल्या बाया दुखनं झाकत्यात, मला काय कळत न्हाय व्हय?"

त्यांचंही बरोबरच. त्यांच्या उभ्या जन्मात डॉक्टर म्हणजे शेवटची पायरी. मग म्हणाल्या, "पोरगी गेली ती गेली. आता तू बी निगाली." टोमणा बरा सुचतो आत्यांना! मी पंप घेतला आणि त्यांच्यासमोरच हवा भरली. फुस्स फुस्स, मुद्दाम जोरात.

२१ जून, शनिवार

आत्या एकट्याच वळसंगला जाऊन आल्या. काय काम होतं सांगितलं नाही. आल्या आल्या माझ्या कपाळाला भंडारा लावला, डोळ्यात गेला. तपासणी सोमवारी आहे.

२३ जून, सोमवार

पास!!

आता सविस्तर. हृदयवाल्या मॅडम प्रियापेक्षा फार मोठ्या नसतील. बाहेर बाकावर माझं लटांबर — हे, आत्या, अक्कम्मा, हरिबाभावजी. अक्कम्माकडं थर्मास. दार उघडलं की चौघंही उठून उभे राहायचे. हरिबाभावजींनी तर टोपीही काढून हातात घेतलेली.

आधी बीपी. भलतंच वर! मॅडम म्हणाल्या, घाबरलात का? म्हटलं, घाबरले नाही, चिडलेय. तेवढ्यात नर्स आत आली, दार उघडं राहिलं आणि बाहेरून अक्कम्माचा हुंदका आला. मॅडमनी उठून स्वतः कडी लावली. म्हणाल्या, डोळे मिटा, आवडीची जागा आठवा. मला वळसंगचा रस्ता आठवला, भल्या पहाटेचा, वारं पाठीशी. परत मोजलं तर अगदी शहाण्यासारखं खाली आलेलं.

मग छातीला वायरी चिकटवून पट्ट्यावर उभं केलं. इतकी वर्षं मी पट्टा चालवला, आज पट्ट्यानं मला चालवलं. "दम लागला की सांगा." नाही लागला. वेग वाढवला. "आता?" नाही. चढ दिला. "आता?" म्हटलं, मॅडम, मी ज्वारीची पोती उचलते हो. शेवटी त्याच म्हणाल्या, "पुरे, मशीनला बाहेरच्या पेशंटसाठी पण ठेवू या."

दाखल्यात स्वच्छ लिहिलंय — शर्यतीत सायकल चालवण्यास योग्य. आजाराच्या जागी रेघ. नुसती रेघ! एवढी सुंदर रेघ मी बघितली नव्हती.

बाहेर येऊन सांगितलं, सगळं चांगलं आहे. हे म्हणाले, "मग चला, माझी पाळी आहे." अक्कम्मा जरा नाराज दिसली. आत्यांनी मात्र तिथंच जमिनीला डोकं टेकलं. म्हातारी जीव लावते, तोंडानं कधी बोलायची नाही.

२४ जून, मंगळवार

इटलीनं दाखला घेतला! नाव पक्कं!

आनंदाच्या भरात ज्वारीवरच गहू ओतला. दोन बायका भांडून गेल्या. गेल्या तर गेल्या. निदान त्यांच्या दृष्टीनं मी आता भांडण्याइतकी बरी आहे.

२५ जून, बुधवार

काय लिहू.

सकाळी चहा पिताना आत्या म्हणाल्या, "मग आता सायकल न्यावी लागंल."

"कुठं?"

"मायाक्काकडं. वळसंगला."

शनिवारी त्या गुपचूप गेल्या होत्या ना, ते नवस बोलायला! सुनेचं काळीज धड निघू दे, ज्यानं ते बिघडवलं ते तुझ्या पायाशी आणून टाकते! म्हणजे बघा. काळजात काही निघालं असतं, तर सायकल राहिली असती आणि शर्यत गेली असती. काळीज चांगलं निघालं, तर शर्यत आहे आणि सायकल देवीची!

मी म्हटलं, माझी सायकल, मला विचारलं का? "तुला कशाला इचारू? काळीज तुझं व्हतं, नवस माझा व्हता."

२७ जून, शुक्रवार

घरात कोर्ट भरलंय. हे म्हणतात, "नवसाच्या भानगडीत मी पडत नाही. गाडी दोन तास लेट चालते, देवीला लेट चालत नाही." बायकोच्या बाजूनं बोलायची वेळ आली की यांना सिग्नल लागतो.

प्रिया फोनवर आजीला म्हणाली, "आजी, देवीला सायकल चालवता येते का?" आत्या म्हणाल्या, "तिला समदं येतं." वकील खाली बसला.

मग पोरगी मला म्हणते, इथं भाड्यानं मिळतात गं सायकली, कशाला एवढं? कशाला म्हणजे! ही सायकल एका बँकेतल्या साहेबांची. हौसेनं आणली, दोन आठवडे चालवली, मग गुडघे धरून बसले आणि मी ती माझ्या पैशानं विकत घेतली. मी दळण पोचवायच्या डबड्या सायकलवरून पहिल्यांदा हिच्यावर बसले त्या दिवशी अक्कलकोट रोडला रडले होते. कुणाला सांगितलं नाही. वारं लागलं डोळ्याला, म्हटलं. गिरणी सासऱ्यांची, घर यांचं, अंगावरचं सोनं माहेरचं. ही एकटी माझी. आणि दुसऱ्याच्या सायकलवर घाट चढायचा म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून लग्नाला जाण्यासारखं. माझ्या बुडाला माझं सीट ठाऊक आहे.

२८ जून, शनिवार

एक युक्ती सुचली! देवीला लोक चांदीचे डोळे वाहतात, पाऊल वाहतात. मग चांदीची छोटी सायकल!

सराफाकडे गेले. म्हणाला, डोळे आहेत, पाय आहेत, पाळणा आहे. सायकलचा साचा नाही. "पाळणा देऊ का? खाली दोन चाकं लावून देतो."

घेतला नाही. देवीचा गैरसमज व्हायचा.

२९ जून, रविवार

आत्यांना घेऊन वळसंगला. मायाक्काचं देऊळ रानात आहे, लिंबाखाली. पुजारी बिरुदेवमामा. आम्ही दोघी त्यांच्यासमोर, एक इकडं तोंड करून, एक तिकडं.

मामांनी सगळं ऐकलं. इटली, दाखला, टायफॉइड, सगळं. चांदीच्या सायकलीला साफ नाही म्हणाले. "शबूद गेला म्हंजी गेला. बोकड बोलून कोंबडी द्यायची नसती." माझं तोंड पडलं. मग तंबाखू मळत म्हणाले, "पर देवी सायकल घिऊन करनार काय? अवसंला लिलाव असतोय की. नारळ, लुगडी, कोंबड्या, जे काय वाहिलेलं असतंय ते समदं लिलावात जातंय. या अवसंचा झाला. म्होरल्या अवसंला तुमची सायकल निगंल. लावा बोली, घिऊन जावा घरी."

देवा! इतक्या वर्षांत मी त्या लिलावात नारळ घेतलेत, हे कसं डोक्यात आलं नाही? नवस फिटला, सायकल राहिली! मी मामांच्या पाया पडले, देवीच्या पाया पडले, चुकून एका भक्ताच्याही पडले.

आत्या परतीच्या यष्टीत खिडकीबाहेरच बघत होत्या. डाव हरल्यावर माणूस असंच करतं.

४ जुलै, शुक्रवार

सायकल वाहिली. आत्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, हार घातला, मग मूठ मूठ भंडारा उधळला. चेनमध्ये, गिअरमध्ये, ब्रेकमध्ये. मी "गिअरवर नको, गिअरवर नको" म्हणत होते तर बाकीच्या बायकांना वाटलं माझ्या अंगात आलं. दोघींनी मला धरलं आणि माझ्याच पायावर पाणी घातलं.

अमावास्येपर्यंत ती देवळात. मी सराव करतेय दळणाच्या डबड्या सायकलवर, मागं पिठाचा डबा बांधून. म्हणजे चढाचा सराव होतो.

११ जुलै, शुक्रवार

डब्याचं झाकण उडालं. विजापूर रोडवर पांढरी रेघ.

१६ जुलै, बुधवार

व्हिसा आला! दाखला आहे, व्हिसा आहे, तिकीट आहे. सायकल देवीकडं आहे.

२० जुलै, रविवार

वळसंगला गेले. गावात घरोघर फिरून सांगितलं, बाबांनो, त्या दिवशी माझ्या सायकलवर बोली लावू नका. "छ्या छ्या, वैनींच्या सायकलीवर कोन बोलतंय!" सगळ्यांनी मान डोलावली. हरिबाभावजींनीही डोलावली, पण फार जोरात डोलावली. त्यांचा मला भरवसा नाही.

आणि मामा म्हणाले, "एक गिऱ्हाईक हाय म्हनं. नाव सांगनार न्हाय. देवीच्या दारात कुनाला न्हाय म्हनता येत न्हाय."

हरिबाभावजीच! दुसरं कोण? बरंवाईट व्हायची वाट बघत बसलेले, आता लिलावातच मिळतेय! यांना सांगितलं तर म्हणाले, "हरिबाला सायकल येत नाही." तरी पण!

पोरीला फोन केला नाही. काय सांगू, तुझ्या काकाशी लिलाव खेळायचाय?

२४ जुलै, गुरुवार. अमावास्या

सायकल गेली. माझी राहिली नाही.

मी सगळा वेळ हरिबाभावजींवर डोळा ठेवून होते. त्यांनी एक कोंबडी घेतली आणि गप्प बसले. मी बोली लावली तर मागनं, बायकांतून, आवाज चढला. परत लावली, परत चढला. तिरमिरीत वळून बघितलं तर आत्या! कडोसरीची पिशवी सोडून हातात धरलेली, डोळे देवीवर. माझी बोली तिथंच थांबली. मामांनी तीनदा पुकारलं आणि सायकल आत्यांची झाली.

हार काढून, पदरानं सीट पुसून, हँडल धरून त्यांनीच ती माझ्यापाशी ढकलत आणली.

"ही आता माझी हाय. ने शर्यतीला. पोरीनं जे नेलं ते तिचं सोताचं व्हतं, म्हनून ती राहिली तितंच. तू दुसऱ्याची वस्तू घिऊन चाललीस. दुसऱ्याची वस्तू म्हागारी आनून द्याया लागती, कळलं का?"

व्हय म्हटलं. आणि हँडल हातात घेतलं.